अर्धवट गोधड्यांचं गाठोडं आधी सोडा

नवं कापड आणण्याआधी ते गाठोडं एकदा सोडाच. सगळं पलंगावर पसरा आणि प्रत्येक कामाचं काय अडलंय ते चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा: 'गोट (कडेची पट्टी) बाकी', 'अस्तर कमी पडतंय'. माया, म्हणजे शिवणीपलीकडे कडेला सोडलेलं कापड, किती धरली होती, तेही लिहा. हे मी फजितीतून शिकले. पाव इंच मायेने नऊ-नऊ तुकड्यांचे चौकोन जोडले होते. वर्षभराने उरलेले अंदाजाने अर्ध्या इंचाने शिवले. प्रत्येक नवा चौकोन इंचभर लहान! दोन संध्याकाळी नुसत्या उसवण्यात गेल्या.

टाचण्या मात्र लगेच काढा. गंजल्या की डाग सहजी जात नाही. त्याऐवजी कच्चे टाके घाला.

सुरुवात जवळजवळ संपलेल्या कामापासून करा. बहुतेक वेळा गोटच राहिलेला असतो, कारण कोपऱ्यांची धास्ती. अडीच इंची पट्टी रुंदी अर्धी होईल अशी लांबीत दुमडून घ्या. चारही बाजूंच्या बेरजेपेक्षा दहा-बारा इंच जास्त असू द्या. ती गोधडीच्या काठाला शिवत जा. कोपरा पाव इंचावर आला की थांबा, टाका पक्का करा, दोरा कापा. पट्टी वर काटकोनात दुमडा, मग सरळ खाली आणा आणि पुढची बाजू काठापासून शिवा. मागून हाताने तुरपाई केलीत तर कोपरा सुबक बसतो. मला मशीनपेक्षा तीच आवडते.

बटणं, उसवलेल्या शिवणी एका बैठकीत उरका. आणि जे काम बघूनच कंटाळा येतो, त्याची उशीची खोळ करा, नाहीतर देऊन टाका.