धर्मप्रचारक दारात आले तर एक ज्यू म्हणून तुम्ही त्यांना काय उत्तर देता?

आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. कोकणात आमच्या पूर्वजांना 'शनिवार तेली' म्हणायचे, कारण तेलाचा घाणा शनिवारी, आमच्या विश्रांतीच्या दिवशी, बंद. दारावरच्या पाटीवर 'कर' लागलेलं आडनाव आणि उजव्या चौकटीला मेजुजा (आत शास्त्रवचनं ठेवलेली छोटी डबी). बेल दाबणारा पाटी वाचून आम्हाला हिंदू समजतो, मेजुजाकडे त्याचं लक्ष जात नाही. पुढची सगळी गंमत तिथूनच सुरू होते.

माझं उत्तर आजीकडून उसनं घेतलेलं आहे. रोश हशाना, म्हणजे आमचं नवं वर्ष, दोन दिवसांवर आलेलं, गॅसवर चिकाचा हलवा चढवलेला. गव्हाचा चीक, साखर आणि नारळाचं दूध. (सणाला मटण असतं आणि त्याच्याबरोबर गाई-म्हशीचं दूध आम्हाला चालत नाही, म्हणून नारळाचं.) हा हलवा एकदा चढवला की घट्ट होईपर्यंत हात थांबवायचा नाही. नेमकी तेव्हाच दोन पोरं आली. खांद्याला बॅग, हातात मराठी पत्रकं. आजीने पाणी दिलं आणि दोघांना थेट स्वयंपाकघरातच नेलं.

"आजी, तुम्ही बायबल वाचलंय का?"

"पहिला भाग वाचतेय. तोच आमचा."

"मग दुसरा वाचाच. खरी गोष्ट तिथे आहे."

"अरे बाळा, पहिला संपला तर ना! दर शनिवारी सिनेगॉगमध्ये तोराचा, म्हणजे त्यातल्या पहिल्या पाच पुस्तकांचा, एकेक तुकडा वाचतात. वर्षभराने शेवट येतो, सिम्हात तोराचा सण करतो आणि त्याच दिवशी परत 'प्रारंभी देवाने'पासून सुरुवात. माझा आजा गेला, बाप गेला, दुसऱ्या भागाला कोणाला सवडच झाली नाही. तू जरा हे ढवळ, बुडाला लागेल."

पोराने पत्रकं ओट्यावर ठेवली आणि उलथनं हातात घेतलं.

तो ढवळत असताना आजीने त्याला जॉन विल्सनची गोष्ट ऐकवली. हेच ते विल्सन कॉलेजवाले. 1829 साली हे स्कॉटिश मिशनरी मुंबईत आले आणि 1832 साली त्यांनी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. त्यांच्या आधी आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी शाळा काढल्या होत्या, त्यांत आमची मुलं शिकत होती. मूळ शास्त्र वाचलं की ही मंडळी आपोआप येशूकडे वळतील, असा हिशेब. आमच्या लोकांनी मन लावून वाचलं, हिब्रू शिकले, आणि होते त्याहून पक्के यहुदी झाले! धर्म बदलणारे अगदी मोजके. माझ्या मते मिशनऱ्यांचे आमच्यावर खरोखर उपकार आहेत, फक्त त्यांना अभिप्रेत होते ते नव्हेत.

दुसरा पोरगा एवढा वेळ गप्प होता. त्याने एकदम विचारलं, "आजी, आम्हाला तुमच्यात यायचं असेल तर?"

आजी दचकलीच. "वेडबिड लागलंय का? आमच्यावर 613 आज्ञा आहेत. तुम्हा बाकीच्यांना देवाने नोहाला दिलेल्या सात पाळल्या तरी पुरे. सातात भागतंय तर हा उद्योग कशाला? आणि आमच्यात येतो म्हणणाऱ्याला रब्बी, आमचे धर्मगुरू, तीनदा दारातून परत पाठवतात, तशी रीतच आहे. हात का थांबला रे?"

तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: वाद घालू नका, काम द्या. आजी गेल्यावर मी हे दोनदा करून पाहिलंय. एकदा नारळ खवून घेतला, एकदा माळ्यावरची पिंपं उतरवून घेतली. फक्त शनिवारी सकाळी उपयोग नाही, तेव्हा आम्ही घरी नसतो.

त्या दिवशी हलवा ताटात थापून, वड्या पाडून होईपर्यंत पोरं थांबली. आजीने डबा भरून दिला. आठवड्याने ढवळणारा पोरगा एकटाच तो परत करायला आला. डबा धुतलेला होता, आत दोन पेरू होते. पत्रकं त्याने आणली नव्हती.

आजीने चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाली, "हे दुसऱ्यांदा झालं हं. आता फक्त एकदाच."