व्हॉल्व्ह फिरला म्हणजे लाइन बंद झाली असं नाही

समुद्रातली गॅसलाइन प्लॅटफॉर्मवर येते तिथे आणीबाणीत ती बंद करणारा शटडाउन व्हॉल्व्ह असतो. पार्शल स्ट्रोक टेस्टमध्ये, म्हणजे तो थोडासाच फिरवून बघायच्या चाचणीत, तो फिरला म्हणून निर्धास्त राहू नका. तो जाम नाही, एवढंच त्यातून कळतं. सीट, म्हणजे मिटल्यावर व्हॉल्व्ह जिथे घट्ट टेकतो ती कड, गळते का, ते नाही. त्यासाठी व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून प्लॅटफॉर्मकडचा दाब उतरवा, ती बाजू कोंडा आणि गेजवर डोळा ठेवा; दाब पुन्हा चढला तर सीट गळतेय. तापमानही लिहा, नाहीतर उन्हाने चढलेला दाब गळती वाटेल. कंटाळवाणं काम आहे खरं, पण उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-प्लॅटफॉर्मवर १९८८ साली रायझर (समुद्रतळावरून वर येणारा पाइप) फुटल्यावर लाइनमधलाच गॅस जळत राहिला होता.

उघडताना आधी बायपासने, म्हणजे व्हॉल्व्हला वळसा घालणाऱ्या छोट्या लाइनने, दोन्हीकडचा दाब सारखा करा, नाहीतर सॉफ्ट (मऊ मटेरियलची) सीट गेलीच समजा.

समुद्रतळावरचा व्हॉल्व्ह सावकाश मिटतोय? तो मिटवणाऱ्या स्प्रिंगला दोष देण्याआधी अंबिलिकल, म्हणजे प्लॅटफॉर्मवरून त्याच्यापर्यंत जाणारा नळ्यांचा जुडगा, तपासा. व्हॉल्व्ह उघडा धरणारं तेल परतल्याशिवाय तो मिटत नाही, आणि लांब, बारीक नळीतून ते परतायला वेळ लागतो.