विचारा, सांगते : लेपिडिनाला आलेलं आमंत्रण

प्रश्न : रोमन म्हटलं की पडद्यावर सम्राट, रथ आणि तलवारीच दिसतात. साध्या माणसांचं, विशेषतः बायकांचं रोजचं जगणं कळावं असं त्यांच्याच हातचं काही उरलं आहे का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : उरलं आहे, आणि तेही साम्राज्याच्या पार उत्तरेच्या टोकाला. उत्तर इंग्लंडमध्ये विंडोलांडा नावाची रोमन छावणी होती. १९७३ साली तिथे चर खणताना रॉबिन बर्ली यांना लाकडाच्या पातळ कपच्या मिळाल्या. दोन कपच्या एकमेकींना चिकटल्या होत्या. त्या सोडवल्या तर आत शाईची अक्षरं! हवा लागताच ती फिकी पडू लागली. शेवटी इन्फ्रारेड छायाचित्रं काढून वाचावी लागली. त्यानंतर आजवर अशा १,७०० हून जास्त पाट्या निघाल्या. लाकडी छावणी पाडून नवी बांधायची वेळ आली की जुन्यावर माती आणि गवताची ढेपं अंथरायची, अशी तिथली रीत होती. खालच्या ओलसर थरात हवाच पोचली नाही, म्हणून लाकूड कुजलं नाही.

आता बायकांविषयी. इसवी सन १०० च्या सुमारास क्लॉडिया सेवेराने लेपिडिनाला लिहिलेलं पत्र त्यात आहे. दोघींचे नवरे वेगवेगळ्या छावण्यांवरचे अधिकारी. ११ सप्टेंबरला माझा वाढदिवस आहे, तू आलीस तर दिवस गोड होईल, असं आमंत्रण. नवऱ्याचा आणि छोट्या लेकाचा नमस्कारही कळवला आहे. मुलीकडे इंग्लंडला गेले तेव्हा ब्रिटिश म्युझियममध्ये मी ते पाहिलं. मधोमध दुमडलेल्या दोन पानांचं, उघडल्यावर वीतभर रुंद. मजकूर लेखनिकाच्या सराईत अक्षरात, पण उजवीकडे खाली चार ओळी निराळ्याच, जरा अडखळत लिहिलेल्या. त्या सेवेराच्या स्वतःच्या. ‘तुझी वाट बघेन, ताई. सुखी राहा, माझ्या जिवा, लाडके.’ मूळ शब्द ‘सोरोर’, म्हणजे बहीण. नात्याने त्या बहिणी होत्या म्हणून नव्हे. आपण मैत्रिणीला ताई म्हणतो तसंच ते. माझी आजी वडिलांकडून इनलँड पत्र लिहून घ्यायची आणि शेवटी स्वतः वाकड्यातिकड्या अक्षरांत ‘जपून ऱ्हा’ एवढंच घालायची. त्या काचेपुढे मला तिचीच बोटं आठवली आणि मी बराच वेळ हलले नाही. बाईने स्वतः लिहिलेल्या लॅटिनच्या, आज ठाऊक असलेल्या, सगळ्यांत जुन्या नमुन्यांपैकी तो एक आहे.

बाकी पाट्यांत पायमोजे आणि दोन आतल्या चड्ड्या पाठवल्याची चिठ्ठी आहे. पोरांकडची बिअर संपली, पाठवून द्या, असा एका तुकडीनायकाचा निरोप आहे. एका १८ मेची हजेरीही आहे. पटावर ७५२ शिपाई, छावणीत हजर २९६. त्यांतले ३१ कामाला येण्याजोगे नव्हते : १५ आजारी, ६ जखमी, १० जणांचे डोळे आलेले.

प्रश्न : मग रोमनांनी जिंकलेल्या केल्ट लोकांचं काय? त्यांनी काहीच लिहून ठेवलं नाही का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ही रुखरुख मलाही आहे. विंडोलांडाच्या एका टिपणात स्थानिक ब्रिटनांना, म्हणजे तिथल्या केल्टांना, ‘ब्रिटुंकुली’ म्हटलं आहे. पोराचं आपण पोरटं करतो तसा तो हिणवणारा शब्द. त्या ब्रिटनांचं उत्तर मात्र आपल्यापर्यंत आलेलं नाही. गॉलमधल्या म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या केल्टांविषयी सीझर सांगतो की त्यांचे पुरोहित, द्रुइड, आपली विद्या लिहून ठेवणं गैर मानत. काही शिष्य वीस-वीस वर्षं पाठांतर करत. वेदपाठशाळा पाहिलेल्याला यात नवल वाटणार नाही.

पण १८९७ साली फ्रान्समध्ये कोलिन्यी गावाजवळ पितळासारख्या कांस्य धातूच्या एका मोठ्या पत्र्याचे सुमारे दीडशे तुकडे निघाले. जोडल्यावर ते गॉलिश भाषेतलं पाच वर्षांचं पंचांग ठरलं. अक्षरं रोमन, भाषा केल्टांची. महिने चांद्र, २९ किंवा ३० दिवसांचे. प्रत्येक महिन्याचे दोन भाग, आपल्या पक्षांसारखे. आणि चंद्र-सूर्याचा मेळ बसावा म्हणून दर अडीच वर्षांनी एक जादा महिना, म्हणजे चक्क अधिक मास! काही महिन्यांपुढे ‘मात’ आणि काहींपुढे ‘अन्म’ अशी अक्षरं आहेत. अभ्यासक त्यांचा अर्थ शुभ आणि अशुभ असा लावतात. हे आपल्याकडून तिकडे गेलं का, असं कुणी विचारेल. तसं मानायची गरज नाही. चंद्रावर महिने आणि सूर्यावर ऋतू मोजायचे तर अधिक महिना घालावाच लागतो. मला त्यातली भोकं फार आवडतात. दर दिवसापुढे एक बारीक भोक आहे, रोज खुंटी पुढे सरकवण्यासाठी. कुणीतरी रोज उठून ती सरकवत असेल.

प्रश्न : रोमन शिपायांच्या जेवणात आपल्याकडचं काही होतं का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : होतं, काळी मिरी. विंडोलांडाच्या एका हिशेबात टाप्पोचा मुलगा गाम्बाक्स याच्या नावावर मिरीचे २ दिनार मांडले आहेत. ही मिरी मलबारची. गलबतातून तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात, तिथून उंटांवरून नाईलकाठी, नदीतून अलेक्झांड्रियाला आणि पुढे युरोपात. बेरेनिकेच्या देवळात उत्खननात भारतीय बनावटीचा एक रांजण मिळाला. त्यात साडेसात किलो काळी मिरी होती.