वाचक विचारतात: जॉनी कॅशची थाप, तुरुंग आणि खर्जातला आवाज

प्रश्न: अमेरिकी कंट्री गायक जॉनी कॅशच्या सुरुवातीच्या गाण्यांत ताशाच्या काडीसारखी बारीक खरखरती थाप ऐकू येते. तिथे ड्रम नव्हताच असं वाचलं. मग तो आवाज कशाचा? घरच्या गिटारवर काढता येईल का?
– गिटार शिकणारा वाचक, कोल्हापूर

उत्तर: तो आवाज कागदाचा आहे. 1955 मध्ये मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्स या कंपनीसाठी पहिलं गाणं ध्वनिमुद्रित झालं तेव्हा कॅशबरोबर दोनच वादक होते. इलेक्ट्रिक गिटारवर ल्यूथर पर्किन्स आणि उभ्या बेसवर मार्शल ग्रँट. दोघेही पेशाने मोटार मेकॅनिक. ड्रम वाजवायला कोणी नव्हतं आणि त्या काळच्या कंट्री संगीतात, विशेषतः नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या रेडिओवरच्या प्रसिद्ध कंट्री कार्यक्रमाच्या मंचावर, ड्रम फारसा खपतही नसे. ही उणीव कॅशने तारांमध्ये कागद अडकवून भरून काढली. डब्ल्यू. एस. हॉलंड हा ड्रमवादक 1960 मध्ये आला, तोपर्यंत ठेक्याचा साचा पक्का झाला होता.

तुम्हाला करायचं असेल तर डॉलरच्या नोटेएवढा, म्हणजे साधारण 15 सेंमी लांब आणि साडेसहा सेंमी रुंद, वहीचा कोरा कागद घ्या. लांबीच्या बाजूने दोनदा दुमडला की दीड सेंमीची पट्टी होते. ती तारांमध्ये विणा: सहाव्या तारेखालून, पाचवीवरून, चौथीखालून, याप्रमाणे पहिल्या तारेपर्यंत. जागा निवडताना बोटं जिथे दाबता त्याच्या पुढे, गिटारची मान खोक्याला मिळते तिथे ठेवा. दोन्हीकडे दोन-दोन सेंमी सोडून उरलेला कागद कापून टाका.

आता ई कॉर्ड धरा. पहिल्या मात्रेला फक्त सहावी तार, दुसरीला वरच्या बारीक तारांवर झटका, तिसरीला पाचवी तार, चौथीला पुन्हा झटका. झटक्यात सूर कमी आणि कागद जास्त ऐकू आला पाहिजे. ए कॉर्डला पाचवी आणि सहावी तार, डी कॉर्डला चौथी आणि पाचवी.

बिघडतं ते बहुधा कागदामुळेच. पुठ्ठ्यासारखा जाड घेतला तर तारा उचलल्या जातात आणि सूर चढतो. टिश्यूचा घेतला तर दोन मिनिटांत फाटतो. पावसाळ्यात कागद सादळला की खरखर गेलीच म्हणून समजा, नवा घाला. नायलॉनच्या तारांवर हा परिणाम जेमतेम मिळतो, स्टीलच्या तारा हव्यात. आणि लय वाढवू नका. पर्किन्स तळहाताची कड तारांवर टेकवून एकेक स्वर मोजून वाजवायचा. वेगाने वाजवलं की त्या ठेक्याचा आगगाडीसारखा डौल जातो.

प्रश्न: कॅशने तुरुंगवास भोगला होता ना? फॉल्सम तुरुंगातल्या कार्यक्रमाच्या रेकॉर्डवर ‘रीनोमध्ये माणूस मारला’ या ओळीला कैदी चक्क जल्लोष करतात.
– वाचक, नाशिक

उत्तर: नाही. त्याला काही वेळा अटक झाली, कोठडीत रात्रीही काढाव्या लागल्या, पण तुरुंगवासाची शिक्षा त्याने कधी भोगली नाही. सर्वांत गंभीर प्रसंग ऑक्टोबर 1965 चा, टेक्ससमधल्या एल पासोचा. गिटारच्या पेटीत लपवलेल्या उत्तेजक आणि गुंगीच्या शेकडो गोळ्या सापडल्या. त्यातही शिक्षा स्थगितच राहिली.

ही ओळ ज्यात आहे ते फॉल्समवरचं गाणं त्याने रचलं ते अमेरिकी हवाई दलात, जर्मनीतल्या लांड्सबर्ग तळावर असताना. मोर्स संदेश टिपणं हे त्याचं तिथलं काम. चाल आणि बरेच शब्द गॉर्डन जेंकिन्सच्या एका जुन्या गाण्यातले होते. पुढे त्यापोटी सुमारे 75,000 डॉलर भरून तडजोड करावी लागली. कॅशवर प्रेम करणाऱ्यांनीही हे लपवू नये.

जल्लोषाचं म्हणाल तर तो नंतर स्टुडिओत जोडला आहे. 13 जानेवारी 1968 रोजी फॉल्सममध्ये दोन कार्यक्रम झाले आणि पहारेकऱ्यांसमोर त्या ओळीला दाद द्यायची कैद्यांची छाती नव्हती. हेडफोन लावून ऐका, तो आवाज बाकीच्या टाळ्यांपेक्षा वेगळा पडतो. त्याच कार्यक्रमात ग्लेन शर्ली या तिथल्याच कैद्याने लिहिलेलं गाणं कॅशने गायलं. आदल्या रात्री टेपवर ऐकून बसवलेलं! त्या वेळी शर्ली समोर बसलेला होता. आमच्या मते त्या रेकॉर्डवरचा सर्वांत खरा क्षण हाच.

प्रश्न: मुलगी ‘आय वॉक द लाइन’ बसवते आहे. कॅश प्रत्येक कडव्याआधी गुणगुणतो ते का? आणि तिचा आवाज शेवटच्या कडव्याला पोचतच नाही.
– एक पालक, ठाणे

उत्तर: 1956 च्या या गाण्यात पाच कडवी आहेत आणि दर कडव्याला षड्ज बदलतो. गिटारवर हा प्रवास ई, ए, डी, ए, ई असा करतात, म्हणजे आपल्या भाषेत पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि परत त्याच वाटेने. जाताना आधीच्या षड्जाचा मध्यम आणि परतताना पंचम हा नवा षड्ज होतो. गुणगुणणं म्हणजे तो नवा सा पकडणं, पेटीवर सूर घेतात तसंच. शेवटचं कडवं पहिल्याचीच पुनरावृत्ती आहे, पण एक सप्तक खाली. कॅशचा आवाज खर्जातला, म्हणून त्याला ते जमलं. मुलीने ते कडवं पहिल्याच सप्तकात, पण हळू आवाजात गावं. गुणगुणणं मात्र गाळू नये. ते गाळलं की तिसऱ्या कडव्यात सूर हमखास सुटतो.

प्रश्न: त्याचं उतारवयातलं काम कुठून ऐकायला सुरुवात करावी?
– वाचक, पुणे

उत्तर: 1994 च्या ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’पासून. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने 1986 मध्ये त्याला सोडलं होतं. रिक रुबिन या निर्मात्याने साठी ओलांडलेल्या कॅशला आपल्या घरी बसवून गिटारवर एकट्याला गायला लावलं. नंतर 2002 मधलं ‘हर्ट’ ऐका. ते मूळ नाइन इंच नेल्स या रॉक बँडचं. त्याच्या चित्रफितीत बायको जून कार्टर त्याच्याकडे पाहत उभी दिसते. ती 15 मे 2003 ला गेली, तो 12 सप्टेंबरला.