अडीच थेंबांचं मोजमाप

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहात. आजोबांना विसरायला व्हायला लागलंय, त्यांचा एमआरआय काढताना तुम्ही सोबत होतात, आणि तेव्हापासून मेंदूचे आजार आणि इमेजिंग यात संशोधन करावं असं मनात घोळतंय. डॉक्टर नसताना ते जमेल का, आणि या क्षेत्रातली माणसं दिवसभर नेमकं करतात तरी काय?

जमेल. मीसुद्धा एम.एस्सी. फिजिक्स करूनच इकडे आले. पीएच.डी. धरून सोळा वर्षं झाली, आणि त्यातली बहुतेक स्मृतिभ्रंशाच्या पेशंटच्या एमआरआयवर गेली. फिजिक्सवाल्यांनी इथे बिचकायचं काहीच कारण नाही. सीटी स्कॅन घडवणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे ईएमआय कंपनीतले इंजिनिअर. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये त्यांच्या यंत्रावर पहिल्या पेशंटच्या मेंदूचा स्कॅन झाला. त्यांच्यासोबत १९७९ चं वैद्यकाचं नोबेल मिळालेले अ‍ॅलन कॉरमॅक फिजिक्सचे. १९७३ मध्ये एमआरआयचं चित्र छापून दाखवणारे पॉल लॉटरबर केमिस्ट, आणि २००३ च्या नोबेलमधले त्यांचे जोडीदार पीटर मॅन्सफील्ड पुन्हा फिजिक्सचे. चौघांपैकी एकाकडेही डॉक्टरकीची पदवी नव्हती.

तुम्ही वर्गात स्पिन आणि प्रिसेशन (भोवऱ्यासारखं डुलत फिरणं) शिकलात, तेच इथे रोजच्या वापरात आहे. शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनचा प्रोटॉन एका टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं माप) चुंबकात ४२.५८ मेगाहर्ट्झने फिरतो, म्हणजे ३ टेस्लाच्या मशीनमध्ये जवळपास १२८ मेगाहर्ट्झने. एफएम रेडिओचा पट्टा १०८ ला संपतो, त्याच्या जरा वर. मशीन त्या फ्रिक्वेन्सीवर मेंदूला रेडिओलहर देतं, परत आलेला सिग्नल टिपतं, आणि फूरिए ट्रान्सफॉर्म हे गणित करून त्यातून चित्र उभं करतं. म्हणून एमआरआयला फोटो समजू नका. प्रत्येक ठिपका हा मोजलेला आकडा आहे, आणि जिथे मोजमाप आलं तिथे चूकही आली. आमचं निम्मं आयुष्य त्या चुकीचा माग काढण्यात जातं.

किती बारीक मोजायचं असतं ते सांगते. आजोबांच्या रिपोर्टमध्ये हिप्पोकॅम्पस हा शब्द तुम्ही वाचला असेल. कानाच्या पातळीला, मेंदूच्या आतल्या बाजूला, समुद्रघोड्यासारखा वळलेला भाग, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. नव्या आठवणी साठवायला तो लागतो. एका बाजूचं आकारमान साधारण ३ मिलिलिटर. निरोगी म्हातारपणात तो वर्षाला एक-दीड टक्क्याने आकसतो, अल्झायमरमध्ये चार ते पाच टक्क्यांनी. ३ मिलिलिटरचे साडेचार टक्के म्हणजे सुमारे ०.१३ मिलिलिटर. औषधाच्या ड्रॉपरमधून पाणी सोडलंत तर अडीच थेंब. एका माणसाचं घरचा पत्ता विसरणं आणि मुलीला बहीण समजणं, त्यामागे वर्षभरात मेंदूच्या त्या कोपऱ्यातून गेलेले हे अडीच थेंब असतात, आणि ते कवटीच्या बाहेरून, माणसाला न दुखवता मोजायचे असतात.

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी ते हाताने मोजत होते. आज सॉफ्टवेअर हे काम करतं, पण तेव्हा आमच्या गाइड मॅडमचा दंडक होता की आधी पन्नास मेंदू हाताने. एक मिलिमीटरचे चाळीसेक काप, प्रत्येक कापावर माउसने कड काढायची. मधला भाग सोपा जातो, खाली पांढरा पदार्थ असतो आणि बाजूला पाण्याची काळी फट. अडचण पुढच्या टोकाला. तिथे अमिग्डाला हा मेंदूचा दुसरा भाग चिकटून बसलेला असतो, दोघांचा राखाडी रंग अगदी एक. मध्ये एक पांढरी बारीक रेघ असते, ती कधी दिसते, कधी नाही. मग त्याच जागेचा उभा काप उघडायचा, तिथे रेघ शोधायची, परत यायचं. एका बाजूला पाऊण तास लागायचा. आठवड्याने तोच मेंदू नाव झाकून मॅडम पुन्हा मोजायला देत. माझ्या दोन मोजमापांत पहिल्यांदा सहा टक्के फरक आला. म्हणजे माझा हात अल्झायमरच्या एका वर्षापेक्षा जास्त चुकत होता. तो फरक दोन टक्क्यांखाली यायला मला चार महिने लागले. माझ्या मते या कामाचं खरं शिक्षण तेवढंच. बाकी सगळं पुस्तकातून येतं.

हात बसला, तरी मशीनचा प्रश्न उरतोच. दुसऱ्या वर्षी माझ्याकडे निरोगी ज्येष्ठांचा गट आणि पेशंटचा गट तयार होता, पेशंटचा हिप्पोकॅम्पस सरासरीने चार टक्के लहान निघत होता, पेपरचा मसुदाही लिहून झाला होता. आमच्या स्कॅनरवर वीस वर्षं काढलेले एक टेक्निशियन काका होते. त्यांनी सहज विचारलं, "मधे ग्रेडियंटचं कॅलिब्रेशन बदललं, त्याच्या आधीचे कोण आणि नंतरचे कोण?" (ग्रेडियंट म्हणजे सिग्नल कुठून आला ते ठरवणारी मशीनमधली चुंबकीय वेटोळी. त्यांचं माप बदललं की चित्राचं मापही बदलतं.) पाहिलं तर निरोगी माणसं जवळपास सगळी आधीची होती आणि पेशंट सगळे नंतरचे. काकांनी फँटमची वही काढली. फँटम म्हणजे आमच्याकडचं मोरचुदाचं पाणी भरलेलं प्लॅस्टिकचं गोल भांडं. ते दर आठवड्याला स्कॅन करून मशीनची मापं तपासतात. त्या तारखेनंतर फँटमसुद्धा लांबी, रुंदी, उंची या तिन्ही दिशांना एक-एक टक्का लहान दिसत होता. तिन्ही मिळून आकारमानात तीन टक्के. माझ्या चारपैकी तीन टक्के मशीनचे होते. सात महिन्यांचं काम बाजूला ठेवलं आणि निरोगी गट नव्याने बोलावला. त्या दिवसापासून मी कुठलाही पेपर वाचताना निष्कर्षाआधी हे शोधते: कोण कुठल्या मशीनवर, कधी स्कॅन झालं. अमेरिकेत २००४ मध्ये एडीएनआय हा अल्झायमरच्या इमेजिंगचा मोठा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा अनेक केंद्रांतल्या निरनिराळ्या कंपन्यांच्या मशीनचा मेळ घालायला त्यांनीही आधी फँटम आणि स्कॅनच्या समान पद्धतीवर मेहनत घेतली. ते वाचून मला फार धीर आला होता.

आणि मशीनमध्ये माणूस झोपलेला असतो, हे तर विसरून चालतच नाही. खोलीबाहेर आमचा एक ट्रे असतो. त्यात जोडवी, पिना, कवळ्या, कानातली मशिनं जमतात. एक आजी मंगळसूत्र काढायला काही केल्या तयार होईनात. शेवटी त्यांच्या यजमानांना आत बोलावलं. त्यांनी स्वतः ते काढून घेतलं आणि स्कॅन होईपर्यंत मुठीत धरून दाराबाहेर उभे राहिले. आजी आत गेल्या, मशीनचा खडखडाट सुरू झाला, आणि दर मिनिटाला त्या मान वळवून यजमान कुठे आहेत ते बघत होत्या. तो स्कॅन वाया गेला. हललेल्या डोक्याच्या चित्रात मेंदूचा राखाडी थर खोटाच पातळ मोजला जातो, म्हणून तसे स्कॅन गाळावे लागतात. पण जास्त हलतात ते बहुधा जास्त आजारी असलेले. त्यांना गाळलं की अभ्यासात बरी असलेली माणसंच उरतात. हा प्रश्न अजून कुणालाही पुरता सुटलेला नाही, आणि तुमच्यासारख्या गणित येणाऱ्या माणसांची इथे खरी गरज आहे.

दुसरी गरज त्याहून मोठी. मेंदूची चित्रं एकमेकांशी ताडून बघायला जगभर एमएनआय १५२ नावाचा नमुना वापरतात, माँट्रियलमध्ये १५२ तरुणांच्या स्कॅनवरून बनवलेला. २०१९ मध्ये हैदराबादच्या आयआयआयटीने शंभर भारतीय मेंदूंवरून आपला नमुना काढला, तर सरासरी भारतीय मेंदू लांबी-रुंदी-उंचीला पाश्चात्त्यांपेक्षा लहान निघाला. यात बुद्धीचा काही संबंध नाही. पण आपल्या सत्तर वर्षांच्या निरोगी माणसाचा हिप्पोकॅम्पस मुळात केवढा असतो हे पक्कं ठाऊक नसेल, तर आजारी माणसाचा लहान झालाय हे कशावरून म्हणायचं? बंगळुरूच्या आयआयएससीच्या आवारातलं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूरच्या खेड्यांमधल्या लोकांचा वर्षानुवर्षं अभ्यास करतंय, एमआरआयसकट. असं काम विदर्भात, मराठवाड्यात, कोकणात व्हावं असं मला मनापासून वाटतं. आपली शाळा न शिकलेली, आयुष्यभर शेतात राबलेली म्हातारी माणसं जगाच्या आकडेवारीत जवळजवळ नाहीतच.

आता वाटेविषयी. एम.एस्सी. फिजिक्स किंवा बायोमेडिकलकडे जाणारा अभ्यासक्रम करा, सोबत पायथन आणि स्टॅटिस्टिक्स पक्कं करा. मग नेट-जेआरएफ किंवा गेट ही परीक्षा. बंगळुरूचं निम्हान्स, तिरुवनंतपुरमची श्री चित्रा इन्स्टिट्यूट, मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, आयआयटी मुंबई, आयआयएससी ही नावं बघून ठेवा. बीएआरसीचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा चांगला आहे, पण तो मुख्यतः कॅन्सर हॉस्पिटलमधल्या रेडिएशनच्या कामाकडे नेतो. पुष्कळ जण दोन्ही एकच समजून गफलत करतात. जेआरएफ या फेलोशिपला २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर ४२,००० मिळतात, घरभाडं वेगळं. माझ्या वेळी एकदा पाच महिने पैसे आलेच नाहीत, म्हणून थोडी शिल्लक ठेवा. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं, पुढे बहुतेक जण परदेशी पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं तात्पुरतं संशोधन, करतात, आणि इथल्या कायम जागा मोजक्याच आहेत. घरी हे आधीच स्पष्ट सांगा.

आजोबांविषयी एक. संशोधन गटांच्या सरासरीवर चालतं. एका माणसाच्या एका स्कॅनवरून पुढच्या वर्षाचं भाकीत मी करू शकत नाही, म्हणून त्यांचं चित्र मला पाठवू नका. पण विसरणं म्हणजे अल्झायमरच, असंही धरून बसू नका. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, पडल्यावर कवटीखाली हळूहळू साचलेलं रक्त, मेंदूत साठलेलं पाणी, यानेही असंच होतं आणि यांवर उपचार आहेत. न्यूरॉलॉजिस्टना यातलं एकेक नाव घेऊन विचारा. लाजू नका.

आणि हे काम आपल्याला आवडेल का, हे पदवीआधीच कळू शकतं. ओएसिस नावाच्या खुल्या संग्रहात नावं काढून टाकलेले मेंदूचे स्कॅन फुकट मिळतात, आयटीके-स्नॅप हे कड काढायचं सॉफ्टवेअरही फुकट आहे. एक स्कॅन उतरवून घ्या, डावा हिप्पोकॅम्पस काप-काप करत मोजा, आकडा कागदावर लिहून पाकिटात बंद करा. आठ दिवसांनी पाकीट न उघडता पुन्हा मोजा. फरक किती टक्के आला ते मला कळवा, आणि पुढच्या टोकाची ती पांढरी रेघ किती कापांत सापडली तेही.