वाचकांचे प्रश्न : वास्तू देखणी, जेवण निराशाजनक

प्रश्न : सप्रेम नमस्कार. वडिलांच्या सेवानिवृत्तीनिमित्त गेल्या जुलै महिन्यात आम्ही कुटुंबीय उत्तर गोव्यातल्या बार्देशातील एका उच्चभ्रू फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये रात्रीच्या जेवणासाठी गेलो होतो. जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या घराचे त्यांनी इतके सुंदर जतन केले आहे की बल्कांव (दारासमोरची बसायची ओसरी) आणि शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या पाहूनच आम्ही हरखून गेलो. पुढचा अनुभव मात्र क्लेशदायक ठरला. आठ वाजताचे राखीव टेबल पाऊण तास उशिरा मिळाले आणि त्याबद्दल कोणी दिलगिरीही व्यक्त केली नाही. पाण्याची महागडी बाटली आम्हाला न विचारता उघडण्यात आली. आई शाकाहारी असल्याचे बुकिंगच्या वेळी संदेशात लिहूनही तिला कांद्याचे सूप सुचवण्यात आले. ते अर्धे संपल्यावर दुसऱ्या वेटरकडून कळले की ते गोमांसाच्या स्टॉकवर, म्हणजे मांस-हाडे उकळून काढलेल्या अर्कावर, केलेले आहे. मेनूवर ‘आजची ताजी मासळी’ म्हणून छापलेली वडिलांची मासळी कोमट होती व तिला वास येत होता. माझे बदक खारट आणि त्याची कातडी चामट होती, तर क्रेम ब्रुले या गोड कस्टर्डवरचा जाळलेल्या साखरेचा थर चिकट झाला होता. बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज होता, जो वडिलांनी वाद नको म्हणून भरून टाकला. आम्हाला फ्रेंच जेवणातले फारसे कळत नाही, म्हणून विचारते की हा दोष आमच्या अज्ञानाचा की त्यांचा? आणि आता काही करता येईल का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : ताई, आपले पत्र वाचून वाईट वाटले, विशेषतः आपल्या आईंसाठी. फ्रेंच जेवणाची जाण नसणे हा दोष नाही. ज्या रेस्टॉरंटने आपल्या पाहुण्यांना अपरिचित असे जेवण मांडायचे ठरवले आहे, त्याच्या वेटरने ते समजावून सांगणे हा त्याच्या कामाचा भाग आहे, आणि पाहुण्याला जितके कमी ठाऊक असेल तितकी ही जबाबदारी वाढते.

आईंच्या सूपाचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. फ्रेंच कांद्याचे सूप दिसायला निरुपद्रवी असते. लोण्यात मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत परतलेला भरपूर कांदा, वर पावाचा तुकडा आणि वितळलेले चीज, एवढेच डोळ्यांना दिसते. पण पारंपरिक पद्धतीत ते बहुधा गोमांसाच्या स्टॉकवरच होते, आणि वर घालायचे ग्रुयेर चीजही परंपरेने वासराच्या जठरातील रेनेट (दूध गोठवणारे द्रव्य) वापरून बनवतात. फ्रेंच स्वयंपाकघरात काम करणाऱ्या कोणालाही ही माहिती असते. त्यामुळे ज्या वेटरने हे सूप शाकाहारी म्हणून पुढे केले, त्याला एकतर कोणी शिकवले नव्हते किंवा त्याने आत जाऊन विचारण्याचे कष्ट घेतले नाहीत, आणि दोन्हींची जबाबदारी व्यवस्थापनावरच येते. ताटात मांसाचा तुकडा दिसत नाही म्हणजे पदार्थ शाकाहारी, हा समज आपल्याकडच्या महागड्या रेस्टॉरंटांतही आढळतो, आणि त्याची किंमत पाहुण्याला आपल्या श्रद्धेने मोजावी लागते. खरे तर या पाककलेत आईंसाठी उत्तम पर्याय होते : वांगी, झुकिनी, सिमला मिरची व टोमॅटो यांचे प्रोव्हान्स प्रांतातील रातातुई, किंवा दूध, साय आणि लसूण घालून भाजलेले बटाट्याच्या कापांचे ग्रातँ. पुढे कधी असा प्रसंग आला तर ‘हे शाकाहारी आहे का’ एवढेच न विचारता स्टॉक कशाचा आहे, चीजमध्ये कोणते रेनेट आहे आणि गोड पदार्थात जिलेटिन (जनावरांच्या हाडा-कातडीपासून बनणारे द्रव्य) आहे का, असे नेमके विचारावे. अर्थात, लेखी सूचना दिल्यानंतर हे प्रश्न विचारण्याची वेळ आपल्यावर यायलाच नको होती.

बदकाच्या बाबतीत मात्र मी शेफची थोडी बाजू घेईन. आपण वर्णन केलेला पदार्थ बहुधा कॉन्फी असावा. त्यासाठी बदकाची तंगडी आधी मिठात मुरवतात आणि मग बदकाच्याच चरबीत मंद आचेवर कित्येक तास शिजवतात. मांस टिकवण्याची ही जुनी रीत असल्याने तो पदार्थ मुळातच खारट असतो. मीठ सोसेनासे झाले असेल तर मुरवल्यानंतर तंगडी नीट धुतली गेली नसावी. चामट कातडीला मात्र कोणतीच सबब नाही, कारण वाढण्यापूर्वी ती कुरकुरीत करणे हे त्या पदार्थाचे शेवटचे आणि अत्यावश्यक काम आहे. क्रेम ब्रुलेचेही तसेच. वरची साखर वाढण्याच्या अगदी आधी जाळायची असते. ती आधीच जाळून कप फ्रिजमध्ये ठेवले की साखर ओलावा ओढून घेते आणि थर चिकट होतो. जुलैतल्या गोव्याच्या दमट हवेत तर हे अधिकच लवकर घडते, आणि हे तिथल्या शेफला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असले पाहिजे.

वडिलांच्या मासळीबद्दल आपण महिना लिहिलात हे बरे झाले. गोव्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिकी बोटींच्या मासेमारीवर बंदी असते. नदीतली, खाडीतली किंवा छोट्या होड्यांनी आणलेली थोडी ताजी मासळी त्या काळातही बाजारात येते, परंतु बाकी बरीचशी बर्फातली असते किंवा बाहेरून आलेली असते. म्हणून जुलैत ‘आजची ताजी मासळी’ असे छापणाऱ्याला ती कोणती आणि कुठून आली हे सांगता आले पाहिजे. मांडवीच्या काठावर वाढलेल्या माणसाला चोणक किंवा लेपो ताजा आहे की नाही हे पहिल्या घासाला कळते, त्यासाठी फ्रेंच भाषा यावी लागत नाही. कोमटपणाबद्दल म्हणायचे तर, लोण्यातली मासळी ताटात आल्यावर थांबवून ठेवता येत नाही. बहुधा एकाच टेबलावरची इतर ताटे तयार होईपर्यंत ती तशीच पडून राहिली असावी, म्हणजे स्वयंपाकघर आणि टेबल सांभाळणारा कॅप्टन यांच्यात मेळ नव्हता.

पावसाळ्यात इथे पर्यटक कमी होतात आणि अनेक ठिकाणी हंगामी कर्मचारी गावी परततात, हे मला मान्य आहे. अशा वेळी मेनू आखूड करावा, टेबले कमी घ्यावीत, पण दर हंगामातले आणि सेवा अर्धी, हे पाहुण्यावर लादू नये. सुंदर घरामुळे आपण सारे जरा अधिक सोशिक होतो आणि अशी ठिकाणे त्यावर विसंबून राहतात, हे मला फार खटकते. रेस्टॉरंटांचा दर्जा ठरवणाऱ्या, फ्रान्समध्ये जन्मलेल्या मिशेलिन मार्गदर्शिकेतही तारे केवळ ताटातल्या पदार्थासाठी दिले जातात. वास्तूचा थाट आणि आराम त्यात मोजला जात नाही.

आता बिलाकडे वळू. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार रेस्टॉरंटला सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही, दुसऱ्या नावाने वसूल करता येत नाही आणि तो धरून एकूण रकमेवर जीएसटीही आकारता येत नाही. रेस्टॉरंटांच्या संघटनांनी त्यांना आव्हान दिले, पण दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी या सूचना वैध ठरवल्या. म्हणून वडिलांना ती रक्कम काढून टाकण्यास सांगण्याचा पूर्ण अधिकार होता.

अजूनही उशीर झालेला नाही. आधी मालकाला किंवा मुख्य व्यवस्थापकाला लेखी पत्र पाठवा. त्यात चव, निराशा यांवर फार न लिहिता तारीख, बुकिंगचा संदेश, सूपाबद्दल दिलेला शब्द आणि सर्व्हिस चार्ज या चार गोष्टी मांडा, बिलाची प्रत जोडा आणि उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत द्या. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो तिथेही दावा दाखल करता येतो, त्यामुळे रेस्टॉरंट बार्देशात असले तरी आपल्याला उत्तर गोव्याच्या आयोगासाठी पर्वरीला जावे लागणार नाही, मडगावचा आयोग पुरेसा आहे. मुदत दोन वर्षांची असते. फसलेल्या क्रेम ब्रुलेसाठी आयोगाकडे जाण्यात मला अर्थ दिसत नाही. शाकाहाराची लेखी सूचना डावलणे मात्र सेवेतील त्रुटी म्हणून मांडण्याजोगे आहे, आणि मी आपल्या जागी असते तर तेवढ्या मुद्द्यावर अखेरपर्यंत गेले असते.

प्रश्न : सर्व्हिस चार्ज नाकारला तर बिचाऱ्या वेटरचे नुकसान होते, असे वाटून मी दर वेळी तो भरते. हे योग्य आहे का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : आपली भावना चांगली आहे, पण बिलातून गेलेली रक्कम वेटरपर्यंत किती पोहोचते हे पाहुण्याला कधीच दिसत नाही. फ्रान्समध्ये सेवेचे मूल्य मेनूवरच्या किमतीत आधीच धरलेले असते, त्यामुळे बिलाच्या शेवटी वेगळा आकार दिसत नाही, आणि कोणाची सेवा आवडली तर लोक थोडी नाणी टेबलावर ठेवून जातात. आपल्याकडेही चार्ज काढायला सांगून, ज्याने खरोखर नीट वाढले त्याच्या हातात आपल्या मनाने रोख रक्कम द्यावी. सेवा वाईट असेल तर काहीच देऊ नये, आणि ते का दिले नाही हे मॅनेजरला शांतपणे सांगावे.