तेलाच्या पाइपलाइनवर नवीन रुजू होताय? मग आधी हे ऐका

पहिलं, नाकावर भरवसा ठेवू नका. कच्च्या तेलासोबत येणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूला सडक्या अंड्यांचा वास येतो खरा, पण हवेतलं प्रमाण 100 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 100 भाग) आसपास गेलं की वास घेण्याची शक्तीच बधिर होते. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून खड्ड्यात, चरात साचतो. डिटेक्टर छातीवर, श्वासाजवळ लावा; खिशात ठेवून उपयोग नाही. आणि सहकारी चरात कोसळला, तर मास्क-सिलिंडरशिवाय मागोमाग उडी मारू नका. वाचवायला गेलेलेच अनेकदा जातात.

पिग ट्रॅप, म्हणजे लाइन आतून साफ करणारा ‘पिग’ आत घालायची-बाहेर काढायची कोठी, उघडताना दाबाच्या गेजचा काटा शून्यावर दिसला तरी थांबा. गेजची नळी मेण-गाळाने तुंबलेली असू शकते. व्हेंट (दाब बाहेर सोडायची झडप) उघडून खात्री करा, आणि दारासमोर कधीच उभं राहू नका, बाजूला राहा. आतून निघणारा काळा गाळ ओला ठेवा. त्यात आयर्न सल्फाइड असेल तर सुकल्यावर ठिणगीशिवाय पेट घेतो. (हे प्रशिक्षणात सांगतात, पण दुपारच्या घाईत कुणाच्या लक्षात राहतं!)

गळतीची शंका आली तर लाइन बंद करायला सांगा, उगाच संकोच नको. 2010 मध्ये अमेरिकेत मिशिगनमधल्या मार्शलजवळ लाइन फुटली. कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजत होते, तरी गळती नसून लाइनमधल्या तेलात नुसती पोकळी झाली असेल असं समजून पंप दोनदा पुन्हा सुरू केले. तब्बल 17 तास तेल वाहत राहिलं, कालामाझू नदीत गेलं. जड तेल तळाशी बसलं आणि साफसफाई वर्षानुवर्षं चालली.

गस्तीवर गवताचा पिवळा पडलेला पट्टा किंवा पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, तर जागा नोंदवून लगेच कळवा. खोटा ठरलेला अलार्म परवडतो.